अमावस्येची अट

सम्मेद मगदूमला एका जागी सलग दहा मिनिटं बसलेला पाहणारा माणूस अजून कोल्हापुरात भेटायचा आहे. शाळेत मास्तरांनी त्याला शेवटच्या बाकावर धाडलं ते डोकं कमी म्हणून नव्हे. सारखं उठणारं पोर पुढं बसलं की मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून. आई त्रिशलाबाई म्हणायच्या, "हा पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलाय." वडील जयपाल आण्णा शिरोळ तालुक्यातले, नदीकाठच्या चार एकरांत ऊस पिकवणारे, मोजकं बोलणारे. ते म्हणायचे, "पाय चालू देत. डोकं चालतंय न्हवं?" डोकं चालत होतं, त्यात शंका नको. फक्त कधी डोकं पायांच्या पुढं पळायचं आणि कधी पाय डोक्याच्या पुढं. दोघांची गाठ क्वचित पडायची.

कोल्हापुरात इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात हिंजवडीला सहा वर्षं, मग बेंगळुरूत चार. खुर्ची ऊबदार व्हायच्या आत नोकरी बदलायची, ही पद्धत. बत्तिसाव्या वर्षी गडी परत आला आणि म्हणाला, आता स्वतःची कंपनी. पहिल्या कंपनीनं कबनूरच्या यंत्रमागवाल्यांसाठी एक यंत्र काढलं: माग थांबला की मालकाच्या फोनवर घंटा वाजणार. मागवाल्यांनी आठवडाभर कौतुक केलं आणि मग फोन गप्प करून टाकले. जन्म मागाच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला माग थांबलेला झोपेतसुद्धा कळतो. त्याला घंटा कशाला? हे सम्मेदला दीड वर्षानं समजलं. दुसरी कंपनी ट्रॅक्टर भाड्यानं मिळवून देणारी. शेतकऱ्यांनी ॲपवरून एकदा ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेतला आणि पुन्हा ॲप उघडलं नाही. तीही बसली.

तिसरी कंपनी म्हणजे 'पैरा'. नाव आपल्या शिवारातलंच. आज चौघांनी एकाच्या रानात राबायचं, उद्या त्याच चौघांनी दुसऱ्याच्या. अंगमेहनतीची परतफेड अंगमेहनतीनं. कोड लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या कामाला हात लावणारं एआय, म्हणून पैरा. राजारामपुरीत एका बेकरीच्या वर दोन खोल्या, पाच माणसं आणि दिवसभर खारीचा वास.

पैऱ्याचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांत, संस्थांत वीस-वीस वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्रॅम अजून चालू असतात. लिहिणारा निवृत्त होतो, परदेशी जातो, मरतो, प्रोग्रॅम चालूच. त्याला हात लावायला कुणी धजत नाही. पैरा तो जुना कोड वाचायचा, तो काय करतोय ते साध्या भाषेत सांगायचा, नको असलेला भाग काढायचा आणि उरलेलं नव्या भाषेत लिहून द्यायचा. आणि जिथं कळणार नाही तिथं थांबून माणसाला विचारायचा. ही शेवटची कल्पना सम्मेदची स्वतःची, आणि तिचा त्याला भारी अभिमान. "बाकीची एआय कळलं न्हाय तरी ठोकून देत्यात. आमचं इचारतंय," असं तो जो भेटेल त्याला सांगायचा, चहावाल्यालासुद्धा.

दोन वर्षं लोकांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मग बेंगळुरूच्या एका गुंतवणूक कंपनीतल्या पूर्णिमा नावाच्या बाईंनी ऐकलं. बाई मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे मराठीत बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या. म्हणाल्या, "नमुन्याचा कोड दाखवू नका. एखादा खराखुरा जुना प्रोग्रॅम घ्या, जो बंद पडला तर लोक बोंब मारतील असा. तो एप्रिल संपायच्या आत तुमच्या पैऱ्यानं बदलून चालवून दाखवा. मग आम्ही आहोत." हे जमलं तर पैरा उभा राहणार होता. नाही जमलं तर पाच माणसं घरी आणि सम्मेद सदतिसाव्या वर्षी डबा घेऊन पुन्हा हिंजवडीला. त्या रात्रीपासून, म्हणजे तशी आधीपासूनच, त्याची झोप उडाली होती. आता तिला कारण मिळालं.

असा प्रोग्रॅम होता, तो गारगोटीच्या कृष्णात सरांचा. सर पूर्वी गारगोटीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. सासुरवाड शिरोळकडची. मेव्हण्यानं गळ घातली म्हणून त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी नदीवरून शेतीला पाणी देणाऱ्या एका संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिला: मोटर कधी चालू, कधी बंद, कुणाच्या रानाची पाळी कधी. एका गावाचं बघून दुसऱ्यानं मागितला, असं करता करता बेचाळीस गावांत तो गेला. इतका मुकाट चालायचा की लोक त्याला विसरून गेले. आता मधुमेहानं सरांची नजर जवळजवळ गेली होती आणि बेचाळीस गावांचं पाणी अशा कोडवर चालत होतं, जो वाचणारं दुसरं कुणी जगात नव्हतं.

सम्मेद गारगोटीला गेला तेव्हा सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पेन ड्राइव्ह काढून हातात दिला.

"न्या. माझ्या डोळ्यांबरूबर ते मरायला नको. पण एक करा. एक पाळी माझ्यासंगं बसा."

पाळी म्हणजे वीस-बावीस दिवस. नदीचं पाणी पहिल्या रानापासून शेवटच्या रानापर्यंत पोचून पुन्हा पहिल्याला यायला लागतो तेवढा वेळ.

"बसतो की सर," सम्मेद म्हणाला आणि खरंच बसला. एक दिवस. त्या दिवसात तो अकरा वेळा उठला, चार वेळा फोनवर बोलत रस्त्यापर्यंत जाऊन आला. सर सांगत होते, अमक्या गावची मोटर कशी, तमक्या ओढ्याला पाणी कसं झिरपतं, आणि सम्मेदला वाटत होतं, हे सगळं कोडमध्ये असणारच की, पैरा वाचेल. संध्याकाळी तो म्हणाला, "सर, परत येतो." सरांना नीट दिसत नव्हतं, पण हा परत येणार नाही हे त्यांना दिसलं असावं.

पैऱ्यानं सरांचा कोड नऊ दिवसांत वाचून काढला. अठराशे चाळीस ओळी बिनकामाच्या निघाल्या. ऑफिसात पाचही जण टाळ्या वाजवायच्या बेतात होते. फक्त एका ठिकाणी पैरा थांबला होता. कोडमध्ये एक अट होती: अमावस्या असेल तर दुपारी बारापर्यंत मोटर चालू करायची नाही. तिच्या जोडीला वीस वर्षांच्या अमावस्यांच्या तारखा, सरांनी हातानं एकेक टाइप केलेल्या. पैऱ्यानं पिवळ्या चौकटीत लिहिलं होतं: 'ही अट कशासाठी आहे ते मला कळत नाही. कुणाला तरी विचारा.'

वर्षाराणी ही पैऱ्याची मुख्य इंजिनिअर, गारगोटीचीच, सरांच्या क्लासला शिकलेली. ती म्हणाली, "दादा, सरांना फोन लावूया."

सम्मेद खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होता. तो हसला. "अगं, अमावस्या हाय. त्यात काय इचारायचं? अमावस्येला आपल्याकडं औत धरत न्हाईत, नवं काम काढत न्हाईत, अर्धी दुकानं बंद. सरांनी तीच सुट्टी मोटरलापण दिलीया. मी त्याच मातीतला हाय, मला नको सांगूस."

"तरीपण एक फोन—"

"सरांना वाईट वाटंल. अंधश्रद्धा काढून टाकली म्हणून सांगू काय त्यांना? पिकाला पाणी लागतंय, त्याला अमावस्या कळत न्हाय. काढ."

ती काढेना, तेव्हा त्यानं वाकून स्वतःच बटण दाबलं. पुण्याचा, बेंगळुरूचा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं. अमावस्या हे काय प्रकरण आहे ते त्याला ठाऊकच नसतं. सम्मेदला ठाऊक होतं. घोटाळा तिथंच झाला.

बेचाळिसांतलं एक गाव चाचणीसाठी घेतलं, सम्मेदच्या गावाला लागून असलेलं. तिथली मोटर सांभाळायला ज्ञानू होता, पंचेचाळिशीचा, काटक, बडबड्या. जयपाल आण्णांना ओळखणारा, म्हणून सम्मेदलाही तो "आण्णा" म्हणायचा. नवा प्रोग्रॅम बसवला त्या दिवशी त्यानं नारळ फोडून घेतला. पुढचे आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. पूर्णिमाबाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं ते रविवारी सकाळी अकराला.

त्या रविवारी सम्मेद पहाटेपासून ऑफिसात होता. पावणेदहाला त्यानं मोटरीची नोंदवही स्क्रीनवर उघडली आणि चरफडला. सातला प्रोग्रॅमनं मोटर चालू करायचा हुकूम सोडलेला. मोटर चालू नाही. सात पाचला पुन्हा हुकूम, नाही. दर पाच मिनिटांनी, एकतीस वेळा. बत्तिसाव्या वेळी, नऊ पस्तीसला, चालू. नेमकं आजच लाईटीनं दगा द्यायचा होता! त्यानं ज्ञानूला फोन लावला आणि सवयीप्रमाणे जिन्याकडं चालू लागला.

"ज्ञानू, सकाळी लाईट नव्हती काय?"

"न्हवती की आण्णा. साडेनवाला आली. पर मला एक सांगा, आज मोटर आपसूक कशी लागली? आज लागत न्हाय की ती."

"आज का लागत न्हाय?"

"अमावस्या न्हवं? मी नुकता वर येऊन च्या पीत बसलोतो, तवर हिकडं मोटर सुरू. म्हटलं, ह्ये काय आक्रीत!"

सम्मेद जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबला. "वर? कुठनं वर?"

"जॅकवेलातनं. कुठनं म्हंजे?"

मग ज्ञानूनं, ज्यात सांगण्यासारखं काही नाही असं त्याला वाटत होतं, ते सगळं सांगितलं. नदीकाठच्या त्या खोल विहिरीत मोटरीचा पाइप सोडलेला असतो. पाइपाच्या तोंडाशी जाळी. नदीतलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, येऊन त्या जाळीत अडकतं, पाणी कमी येतं. महिन्यातनं एकदा माणसानं शिडीनं खाली उतरून, छातीभर पाण्यात उभं राहून, जाळी काढून, पाइपात कोपरापर्यंत हात घालून ते उपसावं लागतं. वरनं दोर धरायला, घाण ओढायला तिघं-चौघं लागतात. ती माणसं अमावस्येलाच मिळतात, कारण त्या दिवशी रानात कुणाला काम नसतं.

"आज किती वाजता उतरलतास?"

"सव्वासातला. सव्वानऊला वर आलो. केंदाळ लई हुतं आण्णा."

"आणि खाली उतरताना... करंट नाही काढत तुम्ही? मेन स्विच?"

"पयलं काढत हुतो. पर कृष्णात सरांचा पोगराम आल्यापास्नं अमावस्येला मोटर लागतच न्हाय की बारापत्तोर. पंधरा वर्सं झाली. कशाला काढायचं?" आणि तो हसला. "का ओ, काय झालं?"

"काय न्हाय," सम्मेद म्हणाला.

तो वर आला. वर्षाराणीला म्हणाला, "ती अट परत घाल. आत्ता. आधी अट, मग बाकी सगळं." तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता घातली. पाच मिनिटांत काम झालं. मग तिनं नोंदवही पाहिली, वेळा पाहिल्या, आणि तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. तिनं दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले.

माणूस दोन तास पाइपाच्या तोंडात हात घालून उभा होता आणि सम्मेदचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी मोटर चालू करायला बघत होता. लाईट नव्हती म्हणून. फक्त लाईट नव्हती म्हणून. ज्या लाईटीच्या नावानं तो पंधरा मिनिटांपूर्वी बोटं मोडत होता, तिनं माणूस वाचवला होता.

अकरा वाजता पूर्णिमाबाई पडद्यावर आल्या. सम्मेदनं सगळं दाखवलं: जुना कोड, नवा कोड, अठराशे चाळीस ओळी, आठ दिवसांच्या पाळ्या. बाईंनी आजच्या नोंदीकडं बोट दाखवलं. "हे एकतीस वेळा काय आहे?"

"लाईट नव्हती," तो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"छान. म्हणजे हार मानत नाही तुमचा प्रोग्रॅम." बाई हसल्या. "कागद तयार करायला सांगते."

ज्या क्षणाची त्यानं पाच वर्षं वाट पाहिली तो असा आला. ऑफिसात कुणी पेढे आणायची भाषा केली, तर वर्षाराणी बॅग उचलून घरी निघून गेली.

पुढचे चार दिवस सम्मेद नुसता चालत होता. राजारामपुरीच्या गल्ल्या, मग शाहूपुरी, मग रंकाळ्याला फेऱ्या, तिसऱ्या फेरीला भेळवाल्यानं विचारलं, "काय हरवलंय काय पावणं?" कामात लक्ष लागेना. झालं काय, असं तो स्वतःला विचारायचा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अट परत घातली. आता असं होणार नाही. मग सांगायचं कशाला? कुणाच्या भल्यासाठी? हा हिशेब तो रोज करायचा, रोज उत्तर बरोबर यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागायचा.

आई हल्ली त्याच्याकडंच राहायच्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी, जैन घरातल्या रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आधी जेवून घ्यायचं म्हणून ताट वाढून त्या पाणी गाळत होत्या. हंड्याच्या तोंडाला दुपदरी फडकं, त्यातून बारीक धार. गावी असताना गाळून झालं की त्या ते फडकं उलटं करून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत धुवायच्या. फडक्यावरचे जीव त्यांच्या त्यांच्या पाण्यात परत जावेत म्हणून. लहानपणी सम्मेदला ते बघायचाही कंटाळा यायचा.

"आई, डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाला एवढं जपतीस?"

"दिसणाऱ्याला कुणीबी जपतंय रे," त्या सहज म्हणाल्या आणि धार बघत राहिल्या.

सम्मेद ताटावरून उठला. परत आला तोवर दिवस मावळला होता. त्या रात्री तो उपाशी झोपला, म्हणजे उपाशी जागा राहिला, आणि सकाळी पहिल्या एसटीनं गारगोटीला गेला.

कृष्णात सरांना त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी हातानं चाचपून दुसरी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "बसा."

तो बसला.

"सर, तुम्ही कोडात कारण का लिहिलं न्हाय? एक ओळ तरी?"

"लिहायला पायजे हुतं. चूक माझीबी हाय. पर मला काय ठावं, माझ्यामागं कोण वाचणार हाय? मलाच म्हाईत हुतं न्हवं." सरांनी चष्मा काढून पुसला, आता त्याचा उपयोग नसला तरी. "पयल्या वर्षी मी त्या जॅकवेलाच्या काठावर बसून काढलंय. बायको म्हणायची, सासुरवाडीत राहून ह्यो माणूस आमच्या घरी कमी आणि नदीवर जास्त. मोटर कशी लागती, कोण लावतो, कोण कवा खाली उतरतो, नुसतं बघत ऱ्हायलो. अमावस्येला ज्ञानू त्याच्या बासंगं उतरला तवा बघितलं. घरी आलो, लिवलं. त्यात काय बुद्धी लागत न्हाय सम्मेद. बूड टेकावं लागतंय."

अकरा वेळा उठलेला तो दिवस सम्मेदला आठवला. लाज वाटत होती, नुसती लाज. "सर, मला माफ करा."

"मला कशाला? मी काय खाली हुतो?" सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "जो खाली हुता त्याला सांग जा."

ज्ञानू मोटरघराच्या सावलीला बसून जेवत होता. सम्मेदला बघून भाकरीचा तुकडा पुढं केला. सम्मेदनं घेतला नाही. तो समोर उकिडवा बसला आणि शब्द न चोरता सांगितलं: ती अट मी काढली होती. मला विचारायला सांगितलेलं, मी विचारलं नाही. तू खाली होतास तेव्हा माझा प्रोग्रॅम मोटर चालू करत होता.

ज्ञानूला पहिल्यांदा हसू आलं. चेष्टा वाटली. मग त्यानं विचारलं, "कितींदा?"

"तू आत होतास तेवढ्या वेळात... पंचवीसेक वेळा."

"पंचवीस," ज्ञानू म्हणाला. त्यानं उजवा हात समोर धरून पाहिला, मग कोपरापर्यंत चोळला. ताट बाजूला सारलं. भाकरी अर्धीच राहिली होती. मोटरघरात घरघर चालू होती, आणि सम्मेदला वाटत होतं, हा आता उठून मुस्काटात देईल तर बरं होईल.

"जावा तुम्ही आता, पावणं," ज्ञानू म्हणाला.

आण्णा नाही. पावणं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं. सम्मेद उठला आणि बांधावरून चालायला लागला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

त्याच दुपारी जयसिंगपूरच्या स्टँडवरून त्यानं पूर्णिमाबाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "झालं तर काहीच नाही ना? मग तुम्ही हे मला सांगायला नको होतं. आता मला वर सांगावं लागेल." त्यांनी सांगितलं. कागद थांबले. आधी एक आठवडा म्हणाले, मग महिना, मग बेंगळुरूहून फोन यायचेच बंद झाले. ऑफिसातल्या दोघांनी दुसरी नोकरी धरली, आणि त्यांना बोल लावायचं काही कारण नव्हतं. वर्षाराणी राहिली. ती म्हणाली, "माझ्यादेखत बटण दाबलंत. मी हात धरायला पायजे होता." ते दोघं आता रोज सकाळी सरांना फोन लावायचे. ती कोड मोठ्यानं वाचायची, सर एकेका ओळीचं कारण सांगायचे, सम्मेद लिहून घ्यायचा. अठराशे चाळीस बिनकामाच्या ओळींपैकी आणखी सहा कामाच्या निघाल्या. पैऱ्याचं पुढं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मे अखेरच्या अमावस्येला सम्मेद साडेसहालाच नदीवर पोचला. केंदाळ काठाला लागून हिरवंगार पसरलं होतं. दोर धरणारे तिघं आले होते. ज्ञानू आला, आणि त्याच्या मागून त्याची बायको क्रांती. ती आजवर कधी इथं आली नव्हती. म्हणजे त्यानं घरात सांगितलं होतं.

सम्मेद पुढं झाला. "मी स्वतः तपासलंय. सरांनी पण ऐकून हो म्हटलंय. आज बारापर्यंत मोटर लागणार न्हाय."

"व्हय," ज्ञानू म्हणाला आणि त्याच्या अंगावरून मोटरघरात गेला. आधी त्यानं मेन स्विच खाली ओढला. मग पेटी उघडून तिन्ही फ्यूज एकामागून एक उपटले, बाहेर येऊन बायकोच्या हातात दिले, आणि मागं न बघता शिडीवर पाय ठेवला.

पंधरा वर्षं तो कृष्णात सरांच्या शब्दावर त्या विहिरीत उतरला होता, आणि सरांनी तसा शब्द कधी तोंडानं दिलाही नव्हता. सम्मेदनं तोंडानं दिला होता, तपासून दिला होता.

क्रांती काठावर बसली. फ्यूज तिनं ओटीत घेतले आणि वरून पदर ओढला. खालून पाण्याचा, घाण उपसण्याचा आवाज यायला लागला. ऊन चढलं. चिनी मातीचे ते जड तुकडे मांडीवर घेऊन बाई अवघडून बसली होती. सम्मेदला राहवेना. तो जवळ गेला, हात पुढं केला.

"द्या, मी धरतो थोडा वेळ."

तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग तोंडाकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि पदर आणखी घट्ट आवळून घेतला.

सम्मेदनं हात मागं घेतला. तिच्यापासून चार हातांवर, विहिरीचा काठ दिसेल असा, तो जमिनीवर बसला, आणि ज्ञानू वर येईपर्यंत उठला नाही.